कापलेली कड

भाईंदर स्टेशनला पूर्वेकडे उतरावं, फाटकापर्यंत यावं आणि गोडदेवच्या बाजूला वळावं. रिक्षांचा आणि भाजीवाल्यांचा गलका थोडा मागे पडला की एक ठोका जाणवायला लागतो. कानाला नंतर, आधी तळपायाला. हा पॉवर प्रेसचा ठोका. इथल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी तयार होतात. ताटं, वाट्या, पातेली, डबे, पाण्याची पिंपं. अर्धी वर केलेली शटरं, आत दिवसाढवळ्या जळणाऱ्या ट्यूबलाइटी, दारात रद्दी पेपर घालून रचलेल्या गोल चकत्यांच्या थप्प्या. पॉलिशच्या मशीनवरून उठून एखादा पोरगा नळावर तोंड धुवायला येतो तेव्हा पापण्यांपर्यंत काळा झालेला असतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेली पातेली मागे लखलखत असतात.

इथे १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. नवघर-गोडदेवच्या शेतांवर इमारती चढल्या आणि बाहेरच्या माणसाला मीरा-भाईंदर म्हटलं की आता फक्त फ्लॅट आठवतात. मला हे गाळे आठवतात. आयटीआयला मी शीट मेटलचा ट्रेड केला, पुढे एसीच्या डक्टची कामं केली, पत्रा कापणं, दुमडणं, जोडणं यातच हात तयार झाले. त्यामुळे भांड्यांच्या थप्पीपाशी उभा राहिलो की चकाकीकडे माझं लक्ष उशिरा जातं. आधी जातं काठाकडे.

हातातलं जेवणाचं ताट उलटं करून काठ नीट बघा. पत्रा जिथे संपायला हवा तिथे तो संपलेला दिसणार नाही. तो बाहेर वळलेला असतो, स्वतःतच गुंडाळून घेतलेला असतो. पत्र्याच्या बादलीच्या तोंडाशी तर आत तार घालून काठ वळवलेला असतो, म्हणजे बादली भरून उचलली तरी तोंड वाकडं होत नाही. डब्याचं झाकण, मिसळणाचे डबे, पिंपाचं बूड, कुठेही बोट फिरवा. घरात पत्र्याच्या कितीतरी वस्तू असतात, पण कापलेली कड उघडी अशी सहसा सापडत नाही. ती कुणीतरी आपल्या आधी बघितलेली असते, घासलेली असते आणि आत घेऊन मिटवलेली असते. भांडं घडवण्याच्या कारागिरीत हा भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कापायचं कशाने, हा प्रश्न त्या कडेपासून सुरू होतो. दुकानात गेलेला माणूस विचारतो, हे हत्यार किती जाड पत्रा कापेल? पत्र्यावर वाढलेला माणूस विचारतो, हे कापल्यावर कड कशी राहील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोक्यावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं हातात असतं.

जाडीची भाषा मात्र आधी शिकावी लागते. आपल्याकडे पत्रा अजून गेजमध्येच मोजतात आणि गेजचा आकडा उलटा चालतो : आकडा वाढला की पत्रा पातळ. हे माप मुळात तारेचं. तार ओढताना ती एकेका भोकातून ओढून बारीक करायची. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तितकी तार बारीक. ब्रिटनमध्ये १८८४ पासून हे माप कायद्याने ठरलं आणि त्यांच्याबरोबर इथे आलं, ते राहिलंच. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरला थोडा कमी, २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २६ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. आठ बाय चारचा २२ गेजचा स्टेनलेसचा पत्रा साधारण १७ किलो भरतो, १८ गेजचा २९ किलोच्या आसपास. पहिला एकटा माणूस डोक्यावर घेऊन जिना चढतो. दुसऱ्याला दोघं लागतात. जुने कारागीर आकडा विचारत नाहीत, पत्र्याचा कोपरा चिमटीत धरून हलवतात. पातळ पत्रा थरथरून आवाज करतो, जाड पत्रा नुसता मान हलवतो.

आता कात्री.

पत्रा कापायची कात्री कापडाच्या कात्रीच्या जातीचीच, पण पाती आखूड आणि दांडे लांब. पात्यांच्या खिळीपासून हात जितका लांब आणि पत्रा जितका जवळ, तितकी ताकद जास्त. म्हणून कापताना पत्रा पात्यांच्या टोकाशी न धरता आत, खिळीच्या जवळ घ्यायचा. दोन पाती एकमेकांवर आपटत नाहीत, एकमेकांना घासून शेजारून जातात. त्यांच्यामधली फट वाढली, खिळीचा बोल्ट सैल झाला, की पत्रा कापला न जाता पात्यांच्या मध्ये शिरून दुमडतो. मग माणूस जोर लावतो, हात दुखावतो आणि दोष हत्याराला देतो. बोल्टाला पाव आटा द्यायची गरज असते, एवढंच.

आणखी एक गोष्ट हातात मुरायला वेळ लागतो. कात्री पूर्ण मिटायची नाही. पाती टोकापर्यंत मिटली की प्रत्येक मिटण्याच्या जागी कडेला एक बारीक चीर पडते, आणि पुढचा घास तिथून सरळ लागत नाही. पाऊण मिटवायची, उघडतानाच पुढे सरकवायची, पुन्हा पाऊण. अशी चालली की कड एकसंध येते. कुणी पत्रा कापत असेल आणि आवाज एका लयीत येत असेल तर मी न बघता सांगू शकतो की कड चांगली निघाली.

लाल, हिरव्या आणि पिवळ्या मुठींच्या ज्या कात्र्या आता सगळ्या हार्डवेअरच्या दुकानांत लटकलेल्या दिसतात त्या मूळच्या विमानांच्या ॲल्युमिनियमसाठी निघाल्या. नावही त्यांना एव्हिएशन स्निप असंच आहे. त्यांना एकाऐवजी दोन सांधे असतात, त्यामुळे मनगटाचा जोर कितीतरी पटीने पात्याला पोचतो. रंग शोभेचे नाहीत. लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. कोणतं पातं वर आणि कोणतं खाली, यावर पत्र्याची कुठली बाजू सपाट राहणार आणि कुठली वर उचलली जाणार हे ठरतं. जो भाग फेकायचा तो वळू दे, जो ठेवायचा तो सपाट राहू दे, अशी कात्री निवडायची. लोखंडी पत्र्याला त्या १८ गेजपर्यंत चालतात, स्टेनलेसला २२ पर्यंत. पात्यांना बारीक दाते असतात म्हणून पत्रा निसटत नाही, पण त्या दातांची नक्षी कडेवर उतरते. सफाईची कड हवी असेल तर साध्या पात्याची जुनी कात्रीच काढावी लागते.

शिकताना आम्हाला पहिली वस्तू करायला दिली होती नरसाळं. आजही कुणी पत्र्याचं काम शिकायचं म्हटलं तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन, कारण नरसाळ्यात भूमिती आणि कात्री दोन्ही एकत्र भेटतात. समजा तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर हवा आणि तिरकी बाजूही १२ सेंटिमीटर. तो शंकू उलगडला तर पत्र्यावर काय उमटेल? तोंडाची त्रिज्या ६, तिरकी बाजू १२, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा बरोबर निम्मा भाग. १२ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ! नळी जिथे बसायची तिथलं भोक २ सेंटिमीटर व्यासाचं ठेवायचं तर मध्याशी २ सेंटिमीटर त्रिज्येचं छोटं अर्धवर्तुळ काढून टाकायचं. जोडासाठी एका बाजूला बोटभर पट्टी जास्त. स्क्राइबरने रेघ ओढायची, पेन्सिलीने नाही, कारण पेन्सिलीची रेघ जाड आणि तेलकट बोटाने पुसणारी. मग बाहेरचा कंस कापायचा सोपा, आणि आतला छोटा कंस कापताना कात्री, मनगट आणि धीर तिन्ही लागतात. मोठ्या कात्रीने तिथे गेलं तर पत्रा चुरगळतो. तिथे वाकड्या पात्याची कात्री. कापून झालं की वळवायचं, जोड दुमडायचा, डाग द्यायचा. सपाट पत्र्यातून शंकू उभा राहिला तेव्हा वर्गातली आम्ही सगळी पोरं गप्प झालो होतो. शाळेत पाठ केलेल्या सूत्रातून त्या दिवशी रॉकेल ओतता आलं.

कापलेली कड भिंगाखाली धरली तर तिच्यात चार पट्टे दिसतात. वर पत्रा किंचित खाली ओढला जाऊन गोलावलेला. त्याखाली एक चकचकीत अरुंद पट्टा. पात्याने खरोखर कापलं ते एवढंच. त्याच्या खाली खडबडीत, राखाडी भाग. तिथे पातं पोचलंच नव्हतं, तिथे पत्रा ताण न सोसून तुटला. आणि अगदी खाली बाहेर आलेली बारीक धार, तिला गाळ्यात सगळे बर म्हणतात. म्हणजे आपण ज्याला कापणं म्हणतो त्यात थोडं कापणं आणि बरंचसं तुटणं असतं. दोन पात्यांतली फट पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के असली तर वरची आणि खालची चीर मध्ये बरोबर भेटतात आणि बर नावाला राहते. एक मिलिमीटर पत्र्याला ही फट जास्तीत जास्त वहीच्या कागदाएवढी. फट वाढली की बर वाढते, पातं बोथट झालं तरी वाढते. बोट कापतं ते तिच्यामुळे. कड बघायची झाली तर बोट लावू नये. पत्रा उजेडाकडे तिरका धरावा, बर स्वतःहून चमकते.

स्टेनलेसच्या कडेची आणखी एक गंमत आहे, घरी करून बघण्यासारखी. ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, म्हणून बायका भांडं घेताना चुंबक लावून बघतात. पण एक बारीक चुंबक दोऱ्याला टांगून ताज्या कापलेल्या कडेजवळ न्यावा. तो कडेकडे किंचित ओढला जातो. पत्र्याच्या मधल्या भागाला दाद न देणारा चुंबक कडेला ओळखतो, कारण कापताना जो मार बसला त्याने तिथल्या धातूची आतली रचनाच बदललेली असते. खोल ओढलेल्या पातेल्याच्या कोपऱ्यातही हेच होतं. तेवढ्यावरून भांडं खोटं ठरवू नये.

हा बदल कापणाऱ्याच्या हाताला आधी कळतो. स्टेनलेस मार खाल्ला की कडक होतं. ड्रिल किंवा ब्लेड नुसतं घासत राहिलं, पुढे गेलं नाही, की ती जागा इतकी कडक होते की मग हत्यारच संपतं. म्हणून वेग कमी, दाब सलग, आणि सुरुवात केली की थांबायचं नाही. हॅक्सॉ ब्लेडचं गणित तर अजूनच रोखठोक. सगळ्यात बारीक मिळणाऱ्या ब्लेडला इंचाला ३२ दात, म्हणजे एका दाताचं अंतर ०.७९ मिलिमीटर. २२ गेजचा पत्रा ०.७१ मिलिमीटर. एक दातसुद्धा पत्र्यावर पूर्ण टेकत नाही, पत्रा दोन दातांच्या मध्ये पडतो आणि दात उडतात. तरी कापायचंच असेल तर पत्रा दोन प्लायच्या मध्ये दाबून, प्लायसकट कापावा. लाकूड दातांना आधार देतं आणि पत्र्याची थरथर थांबवतं.

गॅसवर कापू म्हणणारेही भेटतात. साधं लोखंड गॅसने कापतं कारण ऑक्सिजनमध्ये लोखंड अक्षरशः जळतं आणि त्याची राख लोखंडाच्या आधी वितळून उडून जाते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. त्याची राख लोखंडाच्या कितीतरी वरच्या तापमानाला वितळते, ती कापण्याच्या तोंडाशी झाकण घालून बसते आणि ज्योत नुसती तिथे खेळत राहते. ज्या क्रोमियममुळे भांडं गंजत नाही तेच क्रोमियम ज्योतीला आत येऊ देत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली हे स्टील काढलं तेव्हा त्याला बंदुकीच्या नळीची झीज थांबवायची होती. त्यातून पुढे सुऱ्या-काटे आणि आपली ताटं निघाली.

गाळ्यात चकत्या कापतात त्या मशीनवर. पत्र्याचे आधी शिअरिंग मशीनवर चौकोन पाडतात, मग चौकोन मधोमध दाबून धरून दोन फिरत्या चाकूंच्या मधून गोल फिरवतात. एक पूर्ण फेरा झाला की चकती सुटते आणि चार कोपरे खाली पडतात. चौकोनात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ घेतलं तरी ७८.५ टक्केच पत्रा वापरात येतो. साडेएकवीस टक्के कोपऱ्यांत जातात, हा काही कुणाचा निष्काळजीपणा नाही, हा वर्तुळाचाच स्वभाव. प्रेसवर पट्टीतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चकत्यांची मांडणी करता आली तर हे प्रमाण कागदावर ९० टक्क्यांपर्यंत चढतं. म्हणून कुठल्याही गाळ्यात मालकाचं डोकं सगळ्यात जास्त चालतं ते कोपऱ्यांवर. ताटाच्या कोपऱ्यांतून वाट्यांच्या चकत्या निघतील का, वाटीच्या कोपऱ्यांतून चमचे? शेवटी उरलेलं कातरण पोत्यात भरून भंगारात जातं आणि भट्टीत वितळून पुन्हा पत्रा होऊन येतं. मी त्या पोत्यांपाशी रेंगाळतो. वर्तुळ निघून गेल्यावर मागे उरलेले ते चार बाकदार त्रिकोण मला फार देखणे वाटतात.

पण याच गाळ्यांत बोटं गेलेली माणसंही भेटतात. चहा देताना कप वेगळ्या तऱ्हेने धरला जातो, तेव्हा लक्षात येतं. विचारलं तर सांगतात : पायाचा पेडल होता, हात आत राहिला. धोक्याच्या यंत्रावर कुंपण हवं हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिलेलं होतं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही, ही सोय काही आजची नाही आणि फार महागही नाही. तरी जाळी काढून ठेवतात, कारण जाळीने मालाची गती कमी होते. पीस-रेटवर काम करणारा पोरगा स्वतःच जाळी काढतो आणि मालक बघून न बघितल्यासारखं करतो. हत्याराची निवड म्हणताना मी ही जाळी हत्यारातच धरतो. ज्या मशीनला ती नाही ते मशीन अर्धवट आहे, मग त्याची धार कितीही चांगली असो.

भाईंदरला कडेची काळजी दुप्पट घ्यावी लागते, त्याचं कारण हवा. एका बाजूला वसईची खाडी, पलीकडे उत्तनचा समुद्र, आणि मध्ये मिठागरं. पश्चिमेकडून वारा सुटला की ओठ चाटले तरी खारट लागतं. जिथे पाण्यातून मीठ पिकतं तिथे पत्र्याने टिकून दाखवायचं असतं. मीठ आधी कड शोधतं. जस्त चढवलेल्या पत्र्याला कात्रीने कापलं तर उघड्या पडलेल्या बारीक कडेला शेजारचं जस्त वाचवतं. आधी स्वतः झिजतं, लोखंडाला झिजू देत नाही. ही रसायनाची माया आहे आणि तिच्यावर आपली कितीतरी छपरं उभी आहेत. पण जस्त ४२० अंशाला वितळतं. तोच पत्रा ग्राइंडरने कापला की कडेलगतचं जस्त जळून जातं आणि माया करायला कुणी उरत नाही.

पावसाळ्याआधी इथे गच्च्यागच्च्यांवर पत्र्याच्या शेड चढतात. गळतीला कंटाळलेल्या सोसायट्यांचा हा ठरलेला उपाय. आमच्या इमारतीवर निळे रंगीत पत्रे आले आणि कंत्राटदाराच्या माणसांनी ते पत्र्यांच्या थप्पीवरच ठेवून ग्राइंडरने कापले. चार इंची चकती मिनिटाला ११००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. ठिणग्यांचा पिसारा दहा फूट लांब जाऊन खालच्या पत्र्यांवर पडत होता. मी त्यांना म्हटलं, "दादा, निबलर आणा, नाहीतर कात्रीने कापा. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड आहे, रंगात रुतून बसतंय." ते म्हणाले, "काका, कात्रीने कापत बसलो तर दोन दिवस लागतील." पहिल्या पावसानंतर त्या निळ्या पत्र्यांवर तांबूस ठिपके उठले आणि प्रत्येक कापलेल्या कडेपासून रंगाची साल सुटायला लागली. निबलर पत्र्यातून नखाएवढे तुकडे कुरतडत जातो, ना ठिणगी ना ताप. भाड्यानेही मिळतो. घाईने वाचवलेले ते दोन दिवस सोसायटी आता दरवर्षी रंगाच्या खर्चात भरते.

स्टेनलेसच्या बाबतीत हीच चूक आणखी महागात जाते. ज्या चकतीने लोखंड कापलं तीच स्टेनलेसवर चालवली तर लोखंडाचे कण कडेत रुततात आणि चार दिवसांनी न गंजणारं स्टील गंजलेलं दिसतं. स्टेनलेसची चकती वेगळी, ब्रश वेगळा, शक्य तर कानसही वेगळी. गाळ्यातले जुने लोक ही सोवळ्या-ओवळ्याची शिस्त कटाक्षाने पाळतात आणि तिथे ती अगदी योग्य आहे.

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत गेलं की हाच सगळा पसारा मवाळ होतो. तांबं कात्रीला विरोध करत नाही. मोठ्या कातरीचा एक दांडा ओंडक्यात रोवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकला की जाड पत्राही कापतो. ठोकून ठोकून तांबंही कडक होतं, पण मंद लाल होईतो तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ. पोलादाला असं केलं तर ते उलट कडक होतं. तांब्याचं तसं नाही. मठारकामाचे ठोके मोजून मारलेले असतात, बघणाऱ्याला ते दिसतात आणि त्यांचं कौतुकही होतं. त्या ठोक्यांच्या आधी कुणीतरी चकती कापली होती, तिची कड घासली होती, ते मात्र कुठे दिसत नाही.

आता लेझर आलं. आकृती पेनड्राइव्हमधून नेऊन द्यायची, पत्र्यावर तुकडे कसे बसवायचे ते मशीन स्वतः जुळवतं. नायट्रोजन सोडून कापलं तर स्टेनलेसची कड पांढरी शुभ्र निघते, ऑक्सिजनवर कापलं तर काळपट. जिथून लेझर गेला ती फट मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाची. मला लेझरचं मनापासून कौतुक आहे. कात्रीने सात जन्म घेतले तरी तसली जाळी कापता येणार नाही, आणि हात कधी पात्याजवळ जातच नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण मापं घेऊन लेझरवर कापून आणलेला पत्रा जागेवर बसवायला जावं तर भिंत काटकोनात नसते. गुण्या लावला की कळतं, कोपरा दोन-तीन मिलिमीटर हुकलाय. तिथे मशीन येत नाही. तिथे खिशातली कात्री निघते, रेघ पुन्हा ओढली जाते, आणि भिंत जशी आहे तसा पत्रा कापला जातो. आमच्या कामात इमारत कधी कागदासारखी नसते.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी यंदा आयटीआयला लागली. तिच्या आईने मला सांगितलं, "भाऊजी, जरा तिच्याबरोबर जाऊन हत्यारं घेऊन द्या, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." नवघर रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात शेठने भिंतीवरून चार कात्र्या काढून काउंटरवर ठेवल्या. तिने विचारलं, "काका, एकच घ्यायची झाली तर कुठली?"

सगळ्यांना सांगतो तेच सांगणार होतो, लाल मुठीची. उजव्या हाताने धरणाऱ्याला तीच सोयीची. रेघ डोळ्यासमोर राहते आणि कापलेला भाग हाताच्या आड येत नाही. मग तिने बिलाच्या मागे काहीतरी लिहिलं ते डाव्या हाताने.

"अगं, तू डावरी?"

"हो. घरी सगळे म्हणतात आता कात्री तरी उजव्या हाताने धरायला शीक."

"काही शिकू नकोस." मी हिरवी पुढे केली. शेठने २४ गेजच्या पत्र्याचा एक तुकडा आणून दिला. आधी लाल घेऊन बघ म्हटलं. तिने डाव्या हातात धरली. रेघ मुठीच्या मागे गेली, मान वाकडी करून बघावं लागलं, दोन इंचांत कड नागमोडी. मग हिरवी. पहिल्या दोन घासांनंतर तिचा खांदा सैल झाला. पूर्ण मिटू नकोस, पाऊण मिटव, असं सांगितल्यावर आवाज एका लयीत यायला लागला. तुकडा सुटला तेव्हा तिने तो उजेडाकडे तिरका धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"खालून बारीक धार आली आहे."

"ती येणारच. पातं नवं आहे म्हणून कमी आली."

"मग कानस पण आत्ताच घेऊ ना, काका?"

शेठने आठ इंची चपटी कानस काढली. मी म्हटलं, बारीक दाताची दाखवा, आणि मूठ लाकडाची.